त्यायले म्हना, दाबा

आमच्या घरी एक विलायती मोटार आहे. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी चकचकीत उभं राहतं, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. गेली कित्येक वर्षं तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या, मागच्या सीटवर रिकामी पोती पडलेली असायची, आणि तिला ब्रेक नव्हते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे पोरींच्या आबांनी, ती मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतली होती. साहेब मायदेशी गेला, मोटार सौसरला राहिली. सासरे होते तोवर ती चालली. ते गेल्यावर दोघा मुलांच्या वाटण्या झाल्या. संत्र्याचा बगीचा वाटला गेला, कापसाचं वावर वाटलं गेलं, विहिरीचं पाणी एक दिवसाआड वाटलं गेलं. गाडी काही मधोमध कापता येईना. मग दोन घरांच्या मधल्या टिनाच्या शेडमध्ये ती उभी राहिली आणि दोघांची झाली. दर दसऱ्याला तिला हार घालायचा, इंजिन घटकाभर सुरू करायचं, बॉनेटवर पेढा ठेवायचा आणि पुन्हा कोंबड्यांच्या हवाली करायचं. दोघांच्या मालकीची वस्तू कशी सांभाळली जाते हे ज्याला बघायचं असेल त्याने आमच्याकडे यावं.

आमचे हे थोरले. नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांचं सगळं ज्ञान मोबाइलमधून येऊ लागलं. धाकटे दीर शेती करतात, फवारणीचे पंप स्वतः खोलतात, स्वतः जोडतात आणि जगातलं प्रत्येक यंत्र हा मुळात फवारणीचाच पंप आहे असं मानतात. दोन्ही घरांत एक भिंत. आणि या गोष्टीच्या वेळेपर्यंत दोघा भावांत पाच-सहा वर्षांचा अबोला.

कारण सांगते. आमच्या मुलीच्या लग्नात यांनी सख्ख्या भावाला पत्रिका मोबाइलवर पाठवली. भिंतीपलीकडच्या भावाला! आमच्यात पत्रिकेबरोबर पहिली अक्षत देवाला आणि दुसरी घरातल्या मोठ्या किंवा धाकट्या भावाला, तीही दारात जाऊन, कुंकू लावून, हातात देऊन. यांनी रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत मोटारसायकलवर फिरून, ज्यांची नावंही आठवत नव्हती त्या पाहुण्यांना हातात अक्षता दिल्या आणि भावाच्या मोबाइलवर गणपतीचं चित्र टाकून मोकळे झाले. दीर लग्नाला आले. मांडवाच्या दाराशी उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले. त्या दिवसापासून जे तोंड मिटलं ते मिटलं.

आता कोणी म्हणेल, अबोला म्हणजे शांतता असेल. छे! अबोला असलेल्या घराइतकं बोलकं घर नाही. दीर अंगणातल्या कडुलिंबाकडे बघून मोठ्याने म्हणायचे, "कोनाले तरी सांगून ठेवतो, आज पान्याची पाळी माही हाय." आमचे हे त्यावर म्हशीला उत्तर द्यायचे, "ज्याची पाळी हाय त्यानं घ्यावं, कोन अडवून राहिलं?" झाड आणि म्हैस यांच्याकडून जी कामं होत नसत ती माझ्याकडे येत. मी दोघांचा निरोप्या. जाऊबाई हुशार निघाल्या. त्यांना अबोला सुरू झाला त्याच आठवड्यात कमी ऐकू यायला लागलं.

मधल्या काळात सरकारने आमचा जिल्हा बदलला. छिंदवाड्याचे होतो ते पांढुर्ण्याचे झालो. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजू मात्र होत्या तिथेच होत्या.

आणि मग दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नागपूरला नोकरी करते, मुलगा पांढुर्ण्याचा. पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली गेली. दुसरी मोठ्या भावाची, आणि तिथेच गाडं अडलं. दीर म्हणत, ज्याने मला हातात दिली नाही त्याच्या दारात मी जाणार नाही. पण मोठ्याला दिल्याशिवाय तिसरी कोणाला देणार, हेही त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा पत्रिकांचा गठ्ठा जाऊबाईंच्या कपाटावर तसाच पडून. तिकडे लग्न जवळ येतंय आणि गावात कोणालाच आवतन नाही. आमचे हे रोज सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून दारापुढच्या वट्ट्यावर बसत आणि पेपर वाचत असल्याचं दाखवत. पेपर कधी कधी कालचा असे. ही पुतणी यांच्या खांद्यावर बसून वाढलेली. आवतन आलं नाही तर हे जाणार नाहीत, आणि गेले नाहीत तर उरलेला जन्म त्याच वट्ट्यावर कुढत काढतील, हे मला दिसत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो त्यासाठी.

एका रविवारी पुतणी नागपूरहून आली, दोन्ही घरांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मी सासरी आबाच्या गाडीतच जाईन. ब्रेक बाबा आन् मोठे बाबा मिळून बनवतीन. नाही तर कोर्टात सही करून येतो आमी दोघं." एवढं बोलून ती चहा प्यायला निघून गेली. नाही म्हणायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं. म्हणून दोघंही हो म्हणाले, एक झाडाला आणि एक म्हशीला.

गाडी शेडमधून ढकलून अंगणात आणली, चाकांना दगड लावले आणि काम सुरू झालं. यांनी मोबाइलवर जुन्या गाड्या दुरुस्त करून दाखवणारा एक गोरा म्हातारा शोधला होता. त्याच्या शेडमध्ये एक काडी इकडची तिकडे नव्हती आणि डोक्यावर टोपी होती. तो ब्रेकचा एक एक भाग पुसून शेजारी ठेवत जाई. त्याच्याकडून यांनी सर्वांत आधी काय घेतलं असेल तर टोपी. मे महिन्यातल्या सौसरच्या उन्हात लोकरी टोपी घालून हे हातात मोबाइल धरून उभे राहत आणि दीर बनियनवर चाकांचे ड्रम ठोकून काढत.

गल्ली जमायला वेळ लागला नाही. गाडी चालवता येणारे लोक थोडे असतात, ब्रेक मात्र सगळ्यांना येतात. एकाने सांगितलं, एरंडीचं तेल घाला. एकाने सांगितलं, शनिवार सोडून कोणत्याही दिवशी चाक खोला. कापसाचे एक व्यापारी बराच वेळ गाडीभोवती फिरले, चारही चाकांत डोकावले आणि म्हणाले, "ब्रेक करून काय करता जी? पांढुर्ण्यापर्यंत रस्ता तं सरळच हाय."

आत पाहिलं तर रबराच्या वाट्यांचा भुगा झालेला. ब्रेक दाबला की तेल नळीतून चाकापर्यंत जातं आणि या छोट्या वाट्यांना ढकलतं, मग वाट्या ब्रेकला ढकलतात, असं मला समजलेलं शास्त्र. दिरांनी फवारणीच्या पंपाचे वॉशर आणले. अगदी मापात बसले. आमचे हे मला म्हणाले, "त्याले सांग, विलायती गाडीले तिचंच रबर लागते." मी सांगितलं. दीर म्हणाले, "त्यायले म्हना, रबर म्हंजे रबर. माह्या बगीच्यात चालते तं इथं काहून नाही चालनार?" हेही मी पोचवलं, फक्त आवाज जरा कमी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ब्रेकचं तेल पिऊन ते वॉशर टम्म फुगलेले. चारही चाकं जाम. आधी गाडी थांबत नव्हती, आता हलेना. कोणी तरी ओशाळेल असं मला वाटलं होतं. पण दोघंही खूश! हे खूश, कारण यांचं खरं झालं. दीर खूश, कारण, "पाहा, लागले ना ब्रेक?"

शेवटी नागपूरहून बसने खऱ्या रबराचा पुडा आला, बरोबर योग्य त्या तेलाच्या बाटल्या आल्या, आणि सगळं पुन्हा खोलून पुन्हा बसवलं गेलं. आता राहिली फक्त नळ्यांतली हवा काढायची. नळीत हवा राहिली तर ब्रेक दाबला तरी पाय नुसता खाली जातो. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा. दुसऱ्याने चाकाशी बसून नळीचं बारीकसं तोंड पान्याने उघडायचं. हवा आणि तेल बाहेर येतं. ते तोंड परत बंद होईपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

कोण कुठे बसणार हे यंत्राने ठरवलं नाही, वयाने ठरवलं. थोरला जमिनीवर लोळणार नाही. म्हणून हे टोपी घालून गाडीत, दीर पोतं टाकून खाली, आणि चुलीवरची डाळ सोडून मी मध्ये.

"वहिनी, त्यायले म्हना, दाबा."

"अहो, दाबा म्हणून राहिले भाऊजी."

"त्याले सांग, दाबला."

"भाऊजी, दाबला."

"आता म्हना, तसाच धरून ठेवा."

"अहो, तसाच..."

"किती वेळ धरू, विचार त्याले. पाय दुखून राहिला माह्या."

"भाऊजी, किती वेळ..."

तोवर यांनी पाय उचललेला असायचा, हवा आत गेलेली असायची, आणि दीर कडुलिंबाला सांगत असायचे की काही लोकांच्या पायात दमच नाही. पुन्हा दाबा, पुन्हा धरा. निरोप माझ्या तोंडून जाईपर्यंत बेत शिळा व्हायचा. सकाळभर एका चाकाशी हे चाललं. आतून करपलेल्या डाळीचा वास आला आणि माझं डोकं फिरलं.

"मी माणूस हाय, वायर नाही," मी म्हटलं. "बोलाचं असन तं बोला, नसन तं गाडी कोंबड्याले देऊन टाका." आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

खिडकीतून लक्ष होतंच. मला वाटलं, आता तरी बोलतील. हो, बोलतात! दिरांनी पान्याने चाकावर एकदा ठोकलं. यांनी ब्रेक दाबला. दिरांनी दोनदा ठोकलं. यांनी सोडला. एकदा म्हणजे दाब, दोनदा म्हणजे सोड. एका आईच्या पोटी जन्मलेली, साठी ओलांडलेली दोन माणसं हाताच्या अंतरावर बसून ठोकाठोकीने बोलत होती! आणि वाईट म्हणजे ते जमलं. जेवणाच्या वेळेपर्यंत तीन चाकं झाली. मी वाढलं, हे आत जेवले, दीर त्यांच्या घरी जेवले. ब्रेक होणार, गाडी पांढुर्ण्याला जाणार आणि आमचे हे वट्ट्यावरच राहणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

शेवटचं चाक ड्रायव्हरच्या दाराखालचं. तेलाची शेवटची बाटली तळाला आलेली. पुन्हा नागपूरहून मागवायला वेळ नव्हता. दिरांनी एकदा ठोकलं, यांनी दाबला, दिरांनी तोंड उघडलं. नेमक्या त्याच वेळी मागच्या घरी म्हशीचा खुंटा ठोकायला सुरुवात झाली. ठक, ठक. यांनी इमानदारीने पाय उचलायला घेतला.

"दादा! सोडू नोको! सोडशीन तं पाय तोडीन तुया!"

एवढ्या वर्षांनंतर भावाने भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

यांचा पाय खाली गच्च बसला. घाईत दिरांच्या हातातला पाना निसटला, अंगणातल्या फरशीवरून घरंगळला आणि मोरीजवळ येऊन थांबला. पाना नाही तर तोंड बंद होणार नाही. दिरांनी हवा जाऊ नये म्हणून त्याच्यावर अंगठा दाबून धरला. आता यांना पाय उचलता येईना आणि दिरांना अंगठा.

"तूच तं दोनदा ठोकलं!" हे आतून ओरडले.

"म्या नाही, मागच्यानं खुंटा ठोकला!"

"मंग तोंडानं बोलाले काय झालतं? तोंडात संत्रं ठेवलं होतं का तुया?"

"तोंडानं बोलाले तू ठेवलं कुठं? सख्ख्या भावाले मोबाइलवर पत्रिका धाडते का कोनी?"

मी बाहेर आले होते. पाना माझ्या पायाशी होता. मी तो उचलला, पदराखाली घेतला आणि मोरीच्या कठड्यावर बसले. एरवी भांडण इथवर आलं असतं तर एकाने दार आपटलं असतं आणि दुसऱ्याने चप्पल घातली असती. आज कोणालाच उठून जाता येत नव्हतं. ब्रेकने गाडी थांबते एवढंच मला आजवर माहीत होतं.

"रामाकोन्याले गेलो, बोरगावले गेलो," हे म्हणत होते. "उन्हातान्हाचा फिरलो. म्हनलं, हा तं घरचाच हाय. घरच्याले काय आवतन देवाचं?"

"घरच्यालेच पहिलं देते! दोन दिवस वट्ट्यावर बसून होतो मी. नवा शर्ट घालून. दादा येईन अक्षत घेऊन म्हनून. चहा ठेवून ठेवून हिनं दूध आटवलं." दिरांचा आवाज फाटला. "अन् खिशात मोबाइल वाजला टुंग करून."

मागचा खुंटा ठोकून झाला होता. यांनी टोपी काढली आणि बाजूच्या सीटवर ठेवली. नवा शर्ट घालून वट्ट्यावर बसणं काय असतं हे यांच्याइतकं त्या आठवड्यात कोणाला ठाऊक असणार?

"चुकलं माह्यं," हे म्हणाले. मग, तेवढंच बोलून राहवेना म्हणून चिडले. "चुकलं म्हनलं ना? आता काय पाय कापून देऊ?"

"पाय नोको कापू. पाय दाबून ठेव."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पदर डोळ्यांना लावायला गेले तर त्यात पाना.

"माह्या पोरीच्या लग्नाले येशीन का नाही?" खालून प्रश्न आला.

"आवतन कुठं हाय?"

मी दिरांच्या घराकडे धावणार तोच थांबले. ज्यांना कमी ऐकू येतं त्या माझ्या जाऊबाई पत्रिका, कुंकू आणि अक्षतांची वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. बहुतेक पहिल्या शब्दापासून.

दिरांचा उजवा अंगठा अडकलेला. डाव्या हाताने अक्षत कशी देणार? मग त्यांनी डावा अंगठा तिथे लावला, उजवा हात जाऊबाईंनी पदराने पुसला आणि त्यावर पत्रिका ठेवली. कुंकू यांच्या कपाळाला मीच लावलं, कारण दिरांचा हात तिथवर पोचेना. आमचे हे ब्रेकवर पाय रोवून दारातून जेवढे वाकता येईल तेवढे वाकले, आणि गाडीखालून वर आलेल्या त्या तेलकट हातातून त्यांनी पत्रिका घेतली, दोन्ही हातांनी, देवाची घेतात तशी. ब्रेकच्या तेलाने गाडीचा रंगसुद्धा उडतो. पत्रिकेवरचा गणपती अर्धा पुसला गेला. ती पत्रिका आमच्याकडे अजून आहे.

"वहिनी, आता पाना द्या," दीर म्हणाले. "पदराखाली हाय, पाह्यलं म्या."

त्यानंतर तीन दिवसांत सगळ्या गावाला आवतनं गेली. दोघं भाऊ मिळून गेले, आणि कोणत्या घरी आधी जायचं यावरून रोज भांडले. मोठमोठ्याने, तोंडाने. जाऊबाईंना पुन्हा व्यवस्थित ऐकू यायला लागलं.

लग्न झालं. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी गाडी मांडवापुढे आणली. कोंबड्या हाकललेल्या, झेंडूच्या माळा लावलेल्या, मागे नवरा-नवरी. चालवायला आमचे हे, डोक्यावर लोकरी टोपीऐवजी फेटा. पुतणी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि आत बसली. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना.

लगेच सल्लागार जमले. कापसाचे व्यापारी म्हणाले, तरी मी सांगितलं होतं, ब्रेक करू नका. कोणी बॉनेट उघडायला निघाला. तेवढ्यात दीर गर्दीतून वाट काढत ड्रायव्हरच्या दाराशी आले आणि त्यांनी आत वाकून खाली पाहिलं. मीही त्यांच्या मागून पाहिलं. यांचा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला होता आणि हे समोर रस्त्याकडे बघत होते. डोळे भरलेले.

दिरांनी या वेळी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. खिडकीतून हात घालून त्यांनी भावाच्या खांद्यावर ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "सोड आता."